घे आणि सोड

ऑफिस सुटायच्या वेळी कुमुद मॅडम एक फेरी मारायच्या. खांद्याला पर्स, हातात धुऊन पुसलेला स्टीलचा कप, आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून एकच प्रश्न, "माझं काही राहिलंय का तुमच्याकडं?" पेन, चार्जर, कात्री, वायर, काहीही. आम्ही स्क्रीनवरून नजर न काढता "नाही मॅडम" म्हणायचो. त्या मान हलवून पुढच्या टेबलाकडं जायच्या. चहा करणाऱ्या मावशींनाही विचारायच्या. मावशी एकदा वैतागून म्हणाल्या, "अवो, तुमी मला कधी काय दिलंच न्हाय, तर राहील कुठलं?" मॅडमनी उभ्या उभ्या त्याचा विचार केला. "बरोबर आहे," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी मावशींना पुन्हा विचारलं.

मी लासुर्ण्याची. पुण्यात शिकले, तिथंच थोडे दिवस नोकरी केली, कंटाळले आणि बारामतीच्या एमआयडीसीतल्या ह्या छोट्या कंपनीत आले. आम्ही डाळिंबाची प्रतवारी करणारी मशिनं बनवतो. फळं पट्ट्यावरून एकेक करून कॅमेऱ्याखालून जातात, मशीन त्यांचं वजन, आकार, रंग बघतं आणि ज्याला त्याला आपापल्या कप्प्यात पाडतं. ह्यातलं खालचं काम, म्हणजे कॅमेऱ्याशी आणि काट्याशी बोलणारा कोड, मॅडमनी लिहिलेला. सी भाषेत, एकटीनं, कंपनी निघाली तेव्हापासून. आम्ही त्याला नुसतं लायब्ररी म्हणायचो. वरचं काम, म्हणजे ऑपरेटरला दिसणारा स्क्रीन, बटणं आणि शेतकऱ्याची पावती, हे नव्यानं सी शार्प नावाच्या दुसऱ्या भाषेत करायला मला घेतलेलं. खालचा मजला त्यांचा, वरचा माझा, आणि मधल्या जिन्यात आमची रोज गाठ.

त्यांच्या लायब्ररीतल्या फंक्शनांची नावं मराठी होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. मेमरीतली जागा मागून घ्यायची ती 'घे'. काम झाल्यावर ती जागा परत करायची ती 'सोड'. पुण्यात असलं काही बघितलं असतं तर मी खो खो हसले असते. इथं हसले नाही, कारण मॅडम समोर बसल्या होत्या आणि अगदी गंभीरपणे सांगत होत्या, "सगळं ह्या दोघांवर चाललंय. ज्यानं घे म्हटलं, त्यानंच सोड म्हणायचं. विसरला की ती जागा अडकून पडते. असं थोडं थोडं अडकत गेलं की एक दिवस मशीनला हलायला जागा उरत नाही."

"आमच्याकडं तसं नसतं मॅडम," मी म्हटलं. नवीन होते, जीभ जरा सैल होती. "सी शार्पमध्ये आम्ही नुसतं घेतो. सोडायला एक जण वेगळा असतो. गार्बेज कलेक्टर. तो मधूनमधून येतो, झाडून नेतो."

"त्याला कसं कळतं कुणाचं काम झालंय?"

"ज्याला कुणी धरून ठेवलेलं नाही, ते गेलं."

"म्हणजे वस्तू चांगली असली तरी?"

"चांगली असली तरी. कुणीतरी धरलेली पाहिजे. आणि जे उरतं ते तो एका बाजूला सरकवून ठेवतो, म्हणजे मोकळी जागा सलग मिळते. म्हणून आमच्या वस्तूंचा पत्ता कायम राहत नाही."

मॅडमनी रिकामा कप टेबलावर गोल फिरवला. मला वाटलं त्यांना पटलं नाही. मग म्हणाल्या, "बरं. तुमच्या ह्या झाडणाऱ्यापासून माझ्या वस्तू लांब ठेवा." आणि उठून कप धुवायला गेल्या.

त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. मला, मावशींना, गेटवरच्या वॉचमनला, सगळ्यांना. राहायच्या भिगवण रस्त्याच्या मागं एका खोलीत, एकट्याच. माहेर कऱ्हाटीचं, तिथं भाऊ, भावजय, भावाचा ऊस. लग्न का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुपारी डबा खायला त्या खिडकीकडं तोंड करून बसायच्या. खिडकीबाहेर शेजारच्या कारखान्याची पत्र्याची भिंत होती, दुसरं काही नव्हतं. त्यांचा फोन वाजला की आम्ही सगळे बघायचो, कारण तो वाजतच नसे. वाजला तर रिचार्ज संपल्याचा.

तुसड्या होत्या असं मात्र नाही. मागितलं ते द्यायच्या. फक्त त्यांच्याकडचं तुमच्याकडं आणि तुमच्याकडचं त्यांच्याकडं फार वेळ राहिलेलं त्यांना सोसायचं नाही. एकदा चैत्रातल्या उन्हात मी त्यांची छत्री घेऊन माझ्या बारामतीतल्या खोलीवर गेले आणि परत द्यायची विसरले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दारात मॅडम उभ्या. "छत्री राहिलीय माझी," म्हणाल्या. मी म्हटलं, आत या, चहा घ्या. त्या उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या, छत्री घेतली, उघडून बघितली, मिटली आणि गेल्या. वरच्या मजल्यावरून मी बघत होते. छत्री हातात असून उन्हातनंच चालल्या होत्या.

मग मला एक खोडी सुचली. पुढच्या महिन्यात मी त्यांची छत्री मुद्दाम ठेवून घेतली. त्या आल्या. त्यानंतर पुन्हा एकदा ठेवली. पुन्हा आल्या, आणि त्या खेपेला आत येऊन पाणी प्यायल्या. खुर्चीत बसल्या, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, माझ्या भांड्यांकडं बघितलं. "छान आहे खोली," म्हणाल्या. त्यानंतर मी छत्री मागितली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही एक विकत घ्या ना." त्यांना कळलं होतं की काय कोण जाणे.

आईच्या डब्याचं प्रकरण त्याच सुमाराचं. आमच्याकडं एक रीत आहे. कुणाच्या घरनं डबा आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, ओंजळभर शेंगा घालायच्या, पण रिकामा नाही. आईनं माझ्याबरोबर मॅडमसाठी शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या दिल्या. पितळी कडीचा डबा, तिच्या लग्नातला. मॅडमनी चटणी चवीनं खाल्ली, डबा तिथल्या तिथं घासला, पुसला आणि संध्याकाळच्या फेरीत माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्या आईचा डबा," म्हणाल्या. रिकामा, लख्ख.

आईनं झाकण उघडलं आणि तिचं तोंडच उतरलं. "कोरडा डबा? बाई हाय का कोण हाय?"

"अगं, त्यांचा तसा स्वभाव आहे. हिशेब चोख."

"हिशेब कुणी मागितला व्हता?" आई म्हणाली. बरेच दिवस तिनं मॅडमचं नाव काढलं नाही.

इंदापूरकडच्या एका पॅकहाऊसमध्ये, जिथं शेतकऱ्यांची डाळिंबं निवडून खोक्यात भरतात, आमचं मशीन होतं. माझा मराठी स्क्रीन पहिल्यांदा तिथंच बसवला, कारण त्या लोकांनी तशी मागणीच केली होती. आधी सगळं इंग्रजीत होतं आणि ऑपरेटर बिचारे अंदाजानं बटणं दाबायचे. स्क्रीन लागला आणि काही दिवसांतच मशीन मधेच थांबायला लागलं. रोज नाही, पण थांबलं की दणक्यात. स्क्रीन काळा, पट्टा बंद, फळं जागच्या जागी.

आमच्या साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या मागं गिऱ्हाईक लागलेलं. म्हणाले, "मॅडम, स्पष्ट बोलतो. बाहेरची तयार लायब्ररी मिळते हल्ली. मी थांबलोय ते तुमच्यामुळं. ह्या बहराला इंदापूरचं मशीन नीट चाललं तर तुमची ठेवू. नाहीतर मला दुसरा इलाज नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

जिना उतरताना त्या मधल्या पायरीवर थांबल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही बोलल्या असतील. "लायब्ररी गेली तर मला इथं काय काम? मग कऱ्हाटीला जायचं. भाऊ चांगला आहे माझा. खोली आहे तिथं मला, पंखा लावलाय. काम न्हाय." शेवटचे दोन शब्द त्या आपल्या गावच्या बोलीत बोलल्या, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.  मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले.

आम्ही ऑफिसच्या जीपनं इंदापूरला गेलो. मशीनवर संतोष नावाचा ऑपरेटर होता, चुणचुणीत, बोलका. त्यानं आल्या आल्या निदान सांगून टाकलं. "मॅडम, मशीनमध्ये काय न्हाय. बबनचा माल लागला की थांबतंय."

"कोण बबन?"

"वरकुट्याचा हाय एक. त्याचा पायगुण. आता आमी त्याला सांगितलंय, बाबा, तू आपला सगळ्यांच्या शेवटी येत जा."

आणि तो बबन खरंच तिथं होता. पॅकहाऊसच्या टोकाला, चिंचेखाली, आपल्या क्रेटांच्या थप्पीपाशी उकिडवा बसलेला. शिडशिडीत, पांढरी टोपी, चेहऱ्यावर कायम माफी मागितल्यासारखा भाव. लोक त्याच्या शेजारून जाताना क्रेट जरा लांबून नेत होते. मला हसू आलं. मॅडमना आलं नाही. त्या बबनकडं बघत राहिल्या, मग संतोषला म्हणाल्या, "ह्यांच्या आधी कुणाचा माल असतो?"

"आधी? आधी कुणाचा का असंना, थांबतं तर बबनच्या वेळंला."

"आधी कुणाचा?"

संतोषनं डोकं खाजवलं. "तात्यांचा. विठ्ठलतात्यांचा. शेजारी हायेत ना, एकाच टेंपोत माल येतो, आता तो टेंपोच शेवटी लागतो. तात्यांचा आधी, मग बबनचा."

मॅडमनी एक रिकामा क्रेट उपडा केला आणि संतोषच्या शेजारी बसल्या. मशीनकडं बघितलंच नाही. संतोषच्या बोटांकडं बघत बसल्या. शेतकरी यायचे, संतोष नाव टाकायचा, माल चढायचा. 'दत्ता'. 'बाळू'. 'सोमा'. मग एक उंच, मिशाळ म्हातारा काठी टेकत आला, सगळ्यांनी वाट दिली, आणि संतोष खुर्चीत सरळ होऊन टाइप करायला लागला. श्रीमान विठ्ठलतात्या ज्ञानदेवराव, आणि पुढं आडनाव, आणि त्याच्याही पुढं वरकुटेकर.

"एवढं लांब?" मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग काय नुसतं विठ्ठल लिवू?" संतोषही आवाज बारीक करून बोलला. "गाव तात्या म्हणतंय त्यांना. पावतीवर नाव छापतं, ते चष्मा लावून वाचतेत."

तात्यांचा सगळा माल बिनघोर उतरला. मग बबन आपली क्रेटं घेऊन भीत भीत पुढं आला. संतोषनं 'बबन' टाकलं, पट्टा सुरू झाला आणि स्क्रीन काळा पडला. बबननं टोपी काढली आणि पुन्हा घातली. मॅडम उठून त्याच्यापाशी गेल्या. म्हणाल्या, "तुमचं काही नाही हो. माझं आहे."

काय झालं होतं ते आता सांगायला सोपं आहे. मॅडमच्या लायब्ररीत प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाची एक नोंद मेमरीत तयार व्हायची. तिच्यात नग, वजन, मग नाव, आणि नावाला अगदी लागून, पुढच्या शेतकऱ्याची नोंद मेमरीत कुठं आहे त्याचा पत्ता. ह्या पत्त्यालाच पॉइंटर म्हणतात. हीच नोंद, ह्याच मापानं, माझ्या वरच्या मजल्यावर वाचली जायची. नावाला मॅडमनी ठरावीक जागा दिलेली होती, आणि इंग्रजीत ती रग्गड होती. मराठीत एका अक्षराला मेमरीची तीन घरं, म्हणजे तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटीला परत तीन-तीन. 'बबन' कुठंही मावतो. पण श्रीमान आणि तात्या आणि राव, असा सगळा मान ठेवत गेलं की नाव आपली जागा ओलांडून पुढच्या पत्त्यावर सांडायचं. तात्यांचा माल चालू असेपर्यंत कुणाला काही कळायचं नाही, कारण पुढच्या पत्त्याची गरजच पडायची नाही. तात्या संपले आणि मशीन पुढच्या माणसाला शोधायला निघालं की ते भलत्याच ठिकाणी जाऊन आपटायचं. पुढचा माणूस नेहमी बबन.

साहेबांना फोन लावला. ते खूश झाले. "मग सोपंय की. नाव कापा. मावेल तेवढं घ्यायचं, बाकीचं सोडून द्यायचं. आत्ता चालू करा."

मीही म्हटलं, "मॅडम, माझ्या बाजूनं मर्यादा घालता येईल. एका ओळीचं काम आहे."

मॅडमनी फोन कानापासून जरा लांब धरला. पलीकडं तात्या बाकावर बसून पावती वाचत होते, बोट नावाखालनं सरकवत. "कापलं तर तिसऱ्या शब्दाच्या मधेच तुटतं," मॅडम फोनवर म्हणाल्या. "अर्धं अक्षर राहतं, त्याचा चौकोन छापतो."

"छापू द्या हो."

"जागा मी कमी दिलीय. माणूस का कमी करायचा?" त्या म्हणाल्या. "मला वेळ लागेल. नीट करते."

"मॅडम, मशीन बंद ठेवून? त्यांच्याकडं माल पडलाय. ते दुसऱ्या कुणाला बोलावतील." साहेबांचा आवाज चढला. "तुमच्यासाठीच सांगतोय मी."

"माहितीय," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला त्यांचा राग आला. इतका साधा मार्ग समोर होता. नाव कापायचं, नोकरी वाचवायची, मग सावकाश काय ते करायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "एकदा कापून चाललं ना, की मग कुणी नीट करत नाही. मीसुद्धा नाही करणार."

पॅकहाऊसच्या कोपऱ्यात टेबल टाकून आम्ही कामाला लागलो. नाव आता नोंदीत राहणार नव्हतं. ते बाहेर, लागेल तेवढ्या जागेत ठेवायचं आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता. मग सगळा प्रश्न तोच, जागा घेणार कोण आणि सोडणार कोण. मॅडम मला समोर बसवून पुन्हा पुन्हा सांगायच्या. "घेणार मी. तुम्हाला फक्त पत्ता देणार. तुम्ही तिथं जायचं, वाचायचं, आपल्याकडं नक्कल करून घ्यायची आणि मला सांगायचं, झालं म्हणून. तुम्ही झालं म्हटल्याशिवाय मी सोडणार नाही. आणि मी सोडल्यावर तुम्ही त्या पत्त्यावर परत जायचं नाही. काही नसतं तिथं."

"आणि मी झालं म्हणायला विसरले तर?"

"तर मी धरून बसेन," मॅडम म्हणाल्या. "किती वेळ, सांगता येत नाही."

साहेब बोलले तसंच झालं. आम्ही काम करत होतो तेवढ्यात बाहेरच्या कंपनीची माणसं येऊन मशीनभोवती फिरून गेली. इस्त्रीचे शर्ट, हातात टॅब. पॅकहाऊसच्या मॅनेजरनं त्यांना उसाचा रस पाजला. मॅडमनी एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

मशीन सुरू झालं तेव्हा संतोषनं तात्यांचं नाव जरा जास्तच लांबवून टाकलं. मुद्दाम. पावती आली, तात्यांनी चष्मा लावून वाचली, घडी घालून खिशात ठेवली. मग बबन. बबनची पहिली फळं कॅमेऱ्याखालून गेली, कप्प्यांत पडली, पट्टा चालूच राहिला.  लोक आपापल्या कामाला लागले आणि बबनचा माल इतरांच्या मालासारखा उतरला. जाताना तो पिशवीभर डाळिंबं घेऊन मॅडमकडं आला. मॅडमनी डाळिंबं टेबलावर काढून घेतली, पिशवी झटकली, चौकोनी घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "पिशवी राहू द्या की मॅडम," बबन म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "तुमची आहे ना."

परत येताना लासुर्णे वाटेतच. मी जीप घराकडं घ्यायला लावली. मॅडम नको नको म्हणत उतरल्या. आईनं पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. मॅडम चुलीपुढं पाटावर बसून जेवल्या, दोनदा पिठलं मागून घेतलं. निघताना आईनं तोच पितळी कडीचा डबा त्यांच्या हातात ठेवला. आत दशम्या. "आन् ह्या खेपेला कोरडा धाडू नका, बरं का," आई म्हणाली. तिनं मनात ठेवलेलं बाहेर काढलंच.

मॅडम ओशाळल्या. "मला कळत नाही त्यात काय घालायचं."

"काय बी घाला. साखर घाला."

"मग तुम्ही परत काहीतरी घालून पाठवणार."

"व्हय."

"मग मी परत."

"व्हय की."

"मग हे संपतं कुठं?"

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं जसं लहान पोरीकडं बघावं. "संपवायचं कशाला?" ती म्हणाली.

 बारामती येईपर्यंत डबा मॅडमच्या मांडीवर होता, दोन्ही हात त्याच्यावर.

पॅकहाऊसनं पुढच्या बहराला बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. कारण सांगितलं ते एवढंच, की ऐन मालात मशीन बंद राहिलं. साहेबांनी मॅडमना बसवून घेतलं, पाणी दिलं, कामाचं कौतुक केलं आणि मग तयार लायब्ररीचं सांगितलं, सगळ्याच मशिनांसाठी. मॅडम "बरं" म्हणाल्या. केबिनबाहेर आल्या आणि नेहमीसारखा कप धुतला. त्या दिवशी तो बराच वेळ धुतला.

नवी लायब्ररी बसवायला मला त्यांनीच मदत केली. दुसरं कोण करणार होतं? त्यांचं एकेक फंक्शन मी कोडमधून काढायचे आणि तिथं नवं टाकायचे, आणि मॅडम शेजारी बसून सांगायच्या, "आता ह्याला कुणी बोलावत नाही ना? बघा नीट. मग काढा." शेवटी फक्त 'घे' आणि 'सोड' राहिली. मला ती काढवेनात. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. परत आले तेव्हा ती दोन्ही गेलेली होती आणि मॅडम माझ्या खुर्चीत बसून रिकाम्या फाइलकडं बघत होत्या. मला रडू आलं. त्यांना नाही. "मीच घेतलं होतं," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी फेरी झाली. खांद्याला पर्स, हातात कप. "माझं काही राहिलंय का तुमच्याकडं?" मावशींचे डोळे भरले होते, तरी त्या "न्हाय" म्हणाल्या, कारण खरंच नव्हतं. मी माझा खण उघडून बघितला. काहीतरी सापडावं असं फार वाटत होतं. एखादं पेन तरी. "नाही मॅडम," मी म्हटलं.

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. मोरगावकडं जाणारी एस.टी. लागलेली होती. सामान म्हणजे एक सुटकेस आणि एक पिशवी. त्या खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. भाऊ कऱ्हाटीला फाट्यावर येणार होता. मी खाली उभी राहून काहीबाही बोलत होते, फोन करा, ऊन फार आहे, पाणी आहे ना जवळ. त्या हो हो म्हणत होत्या. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली तेव्हा मॅडम एकदम खिडकीतून वाकल्या.

"तुमच्या आईचा डबा राहिलाय माझ्याकडं."

मला वाटलं, काढून देतायत. मी गाडीबरोबर चालत हात वर केला. "द्या ना."

त्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली. कापडातून डब्याची गोल कड दिसत होती. "नाही," म्हणाल्या. "राहू दे. आणून देईन मी. कधीतरी."

कधीतरी हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. गाडी वळली. खिडकीत त्यांचं डोकं दिसत होतं, समोर बघत असलेलं, आणि पिशवीवर दोन्ही हात.

ह्या गोष्टीला आता वरीस होत आलं. फोन केला तर त्या उचलतात, बऱ्या आहेत, भावाच्या मुलांना गणित शिकवतात, बाकी काही सांगत नाहीत. डब्याचं मी विचारत नाही. मी लासुर्ण्याला गेले की आई मात्र विचारते.

"आल्या न्हाईत का गं तुझ्या मॅडम?"

"न्हाई."

"डबा हाय नव्हं त्यांच्याकडं?"

"हाय."

"मग येतील," आई म्हणते आणि तव्यावरची भाकरी उलटते.